डाव्या हाताची शिकवणी

मम्पोंगच्या बाजारातून गाड्यांच्या अड्ड्याकडे उतरलं, की डाव्या अंगाला आकाशी रंगाची एक लाकडी टपरी लागते. वर पाटी आहे, ‘देवाची वेळ केशकर्तनालय’. परक्या माणसाने या टपरीचा पत्ता विचारला, तर गावातला कुणीही डाव्या हाताने तिकडे बोट करणार नाही. उजव्या हातात पाण्याची बादली असली तर ती खाली ठेवील, हात मोकळा करील आणि मग दाखवील. डाव्या हाताने वाट दाखवायची नाही, काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, आणि जेवायचं तर नाहीच नाही. हे कुणी कुणाला मुद्दाम शिकवत नाही. आईच्या दुधाबरोबरच ते अंगात उतरतं.

आणि अशा गावात टपरीचा मालक अंतोबाम जन्माचा डावरा.

यंत्र तो उजव्या हातात धरी. डोक्यावरून गरगर फिरवायचं, त्याला कुठलाही हात चालतो. पण कपाळाची रेघ आखायची वेळ आली, कानामागचं बारीक काम आलं, की वस्तरा आपोआप डाव्या हातात जाई. एकदा एका ट्रक ड्रायव्हरने ते आरशात पाहिलं आणि तो खुर्चीतून अर्धा उठला.

“ए, माझ्या डोक्याला डावा हात लावतोस?”

“बॉस, आरसा आहे तो,” अंतोबाम शांतपणे म्हणाला. “आरशात सगळं उलटंच दिसतं.”

ड्रायव्हरने थोडा वेळ विचार केला आणि परत टेकून बसला. त्या दिवसापासून अकरा वर्षं अंतोबामने याच उत्तरावर धंदा केला. काहींना ते खरंच पटलं. बाकीच्यांना न पटून परवडणारं नव्हतं, कारण कपाळाची तशी सरळ रेघ पंचक्रोशीत दुसरा कुणी आखत नव्हता.

घरी मात्र तो पडदा ओढून घेई आणि डाव्या हाताने जेवे. त्याची बायको अचिया सकाळी अड्ड्यावर मक्याची पेज आणि चवळीची भजी विकायची. ती म्हणे, “माझं नशीबच मोठं. बाहेरचा नवरा उजवा, घरातला डावा. दोन-दोन नवऱ्यांचा स्वयंपाक करते मी.”

उत्तरेचा धुळकट वारा सरत आला होता तेव्हाची गोष्ट. एका दुपारी पोकुआ टपरीच्या दारात येऊन उभी राहिली. पोकुआ म्हणजे अजेकुम मास्तरांची मुलगी.

“अंतोबामदादा, बाबांची दाढी करायला याल का?”

अंतोबामचा हात झाडूवर थांबला. मास्तरांना झटका आल्याचं त्याने ऐकलं होतं. उजवी बाजू गेली, तीन महिने घराबाहेर पडले नाहीत, एवढं सगळ्यांनाच ठाऊक होतं.

“गावात दुसरे न्हावी नाहीत?”

“दोघे येऊन गेले. एकाला म्हणाले, तुझी नखं घाण आहेत. दुसऱ्याला म्हणाले, तुझं व्याकरण चुकतं.” पोकुआला हसू आलं आणि लगेच डोळेही भरले. “म्हाताऱ्या बोकडासारखे दिसायला लागलेत हो. तुमचं नाव त्यांनीच घेतलं.”

“आत्ता गिऱ्हाईक आहे माझ्याकडे.”

पोकुआने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि ती निघून गेली.

मास्तर अजेकुमांनी गावातल्या मिशनच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवलं. अर्ध्या मम्पोंगला अक्षरओळख त्यांची. त्यांचं स्वतःचं अक्षर असं, की गावात लग्न ठरो वा कुणी मरो, पत्रिका लिहायला लोक त्यांच्याकडेच जायचे. अंतोबाम दुसरीत असताना लिखाणाच्या तासाला मास्तर त्याचं डावं मनगट बाकाच्या पायाला कापडाच्या पट्टीने बांधून ठेवत. एक-दोन दिवस नाही, दीड वर्ष. मास्तर रागावत नसत, मारत नसत. गाठ मारून झाली की वाकून विचारत, “घट्ट नाही ना झालं?” अंतोबामला तेच सगळ्यात जास्त लागे. रागावले असते तर त्यालाही रागावता आलं असतं. आणि या उपकाराबद्दल त्याच्या आईने मास्तरांना घरच्या कोंबड्यांची डझनभर अंडी नेऊन दिली होती.

उजव्या हाताने तो लिहायला शिकला. पण तो हात बैलगाडीसारखा चाले. पंधराव्या वर्षी शेवटच्या परीक्षेत त्याला सगळं येत होतं आणि दोन प्रश्न लिहायचे राहिले. तेवढ्यानेच तो घसरला, आणि कुमासी शहरात एका न्हाव्याकडे शिकायला गेला.

रात्रीच्या जेवणाला बसल्यावर त्याने अचियाला पोकुआची गोष्ट सांगितली.

“त्याने तुझा हात बांधला, म्हणून तू त्याची दाढी वाढू देणार?” अचिया म्हणाली. “हा कसला सूड? असला सूड तर बोकडसुद्धा घेत नाही.”

“मला त्या घरात पाय टाकावासा वाटत नाही.”

“अरे जा. वस्तरा तुझ्या हातात असणार आहे, त्याच्या नाही. भ्यायचं असलं तर त्याने भ्यावं.”

दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन गेला. मास्तर खिडकीपाशी वेताच्या खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर, दुसऱ्याच कुणाचातरी ठेवून दिल्यासारखा. तोंडाची एक बाजू ओढली गेल्यामुळे शब्द घोळून येत होते, पण डोळे तेच, फळ्याकडे पाठ असतानाही मागच्या बाकावरचं दिसणारे.

“आलास,” ते म्हणाले. “नखं दाखव.”

अंतोबामने बेचाळिसाव्या वर्षी निमूटपणे नखं दाखवली.

साबण लावून झाला. मग त्याने मुद्दाम वस्तरा उजव्या हातात घेतला. हे परक्याचं घर, इथे आरशाचं उत्तर चालणार नव्हतं. वस्तरा गळ्यापाशी आला आणि तिथेच अडला.

“गळ्यावर आहेस माझ्या,” मास्तर म्हणाले. “चांगल्या हाताने कर.”

“चांगला हात म्हणजे कुठला, मास्तर?”

मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. साबण वाळायला लागला.

“तुझा जो असेल तो,” अखेर ते म्हणाले.

अंतोबामने वस्तरा डावीकडे घेतला. सात-आठ मिनिटांत बोकडाचा परत मास्तर झाला. पोकुआ दारात उभी राहून बघत होती. तिने ताट आणलं, आणि मास्तर एकदम म्हणाले, “त्याला जाऊ दे आधी. मग दार लाव.”

दार का लावायचं ते अंतोबामला बाहेर पडताना पोकुआने सांगितलं. ती त्यांना भरवत होती. डाव्या हाताने ते चमचा धरायला तयार नव्हते. म्हणत, चौतीस वर्षं पोरांना सांगितलं ते मी आता मोडू? आणि मुलीने भरवलेलं कुणी पाहायलाही नको होतं. म्हणून चर्चला जाणं बंद, ओसरीवर बसणं बंद, लोकांनी भेटायला येणं बंद. कुणी आलं आणि हात पुढे केला, तर कुठला हात द्यायचा?

अंतोबाम आठवड्यातून दोनदा जाऊ लागला. मंगळवारी आणि शुक्रवारी. चौथ्या-पाचव्या खेपेला दाढी झाल्यावर त्याने पेटी बंद केली नाही. पोकुआच्या हातातली पेजेची वाटी घेतली, मास्तरांच्या मांडीवर ठेवली आणि चमचा त्यांच्या डाव्या हातात दिला.

“अंगठा वर. पेन धरतो तसा नाही, फावडं धरतो तसा. मनगट नाही वळवायचं, कोपर वळवायचं.”

पहिला चमचा हनुवटीवर गेला. दुसरा शर्टाच्या बाहीत. तिसऱ्याला मास्तरांनी चमचाच भिरकावला. पेज भिंतीवरून ओघळली.

“हा हात माणसाचा नाही!”

अंतोबामच्या तोंडून निघून गेलं, “मग उजवा बांधून ठेवू का, मास्तर? खुर्चीच्या पायाला?”

पोकुआ हळूच मागच्या अंगणात गेली.

“हिरवं फडकं होतं,” मास्तर म्हणाले. “माझ्या बायकोच्या जुन्या कापडाचं.”

“हो.”

“मला वाटायचं, पोरगा हुशार आहे. उद्या कचेरीत जाईल, साहेबापुढे डाव्या हाताने कागद सरकवील आणि साहेब हाकलून देईल. त्याआधी मीच सरळ करावं याला. मी तुला वाचवतोय असं वाटायचं मला.”

“साहेबापर्यंत पोचलोच नाही मी. दोन प्रश्न राहिले.”

“सहावा आणि आठवा.”

अंतोबामने मान वर केली.

“पेपर मीच गोळा केले त्या दिवशी. तू लिहीत होतास आणि मी तुझ्या हाताखालून कागद ओढून घेतला. दहा मिनिटं दिली असती तर कुणाला कळलं नसतं. हेडमास्तरांना सांगितलं असतं, की या मुलाचा हात आपण हळू केलाय, तर त्यांनीही ऐकलं असतं.” मास्तरांचा ओठ ओढला गेला, ते हसणं होतं की रडणं ते समजत नव्हतं. “पण मी म्हणालो, नियम म्हणजे नियम.”

अंतोबामने वस्तरा पुसला, पेटी बंद केली आणि तो निघून आला. त्या शुक्रवारी तो गेला नाही, पुढच्या मंगळवारीही नाही. अचियाने एकदाही विचारलं नाही, यावरूनच तिला सगळं समजलंय हे त्याला कळलं. घास गिळताना मध्येच त्याचा हात थांबे. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं, की आपण नापास झालो ते आपल्या मंद हातामुळे. आता कळत होतं, की दुसऱ्या कुणालातरी ते तेव्हाच माहीत होतं, आणि तो माणूस सत्तावीस वर्षं प्रश्नांचे आकडे लक्षात ठेवून बसला होता. राग येत होताच. पण ज्याच्यावर यायचा तो म्हातारा बहुधा इतकी वर्षं एकटाच ती चूक भोगत होता, हे मनात आलं की राग धड टिकतही नव्हता.

दहाव्या दिवशी तो गेला. दाढी वाढली असेल, हे कारण पुरेसं होतं.

मास्तर खिडकीत बसले होते. छातीवर, मांडीवर, खुर्चीच्या हातावर पेजच पेज. डाव्या मुठीत चमचा घट्ट धरलेला.

“अर्धी वाटी पोटात, अर्धी बनियनवर,” ते म्हणाले. “किती मार्क?”

अंतोबामने वाटीत डोकावून पाहिलं. “दहापैकी चार.”

“फार कडक तपासतोस.”

“तुमच्याच हाताखाली शिकलो.”

त्यानंतर शिकवणी रीतसर सुरू झाली. कप उचलताना त्याचा कान कुठल्या बाजूला ठेवायचा. एका हाताने बटण कसं लावायचं: आधी काज अंगठ्याने ताणायचं, मग बटण आत ढकलायचं. फुफूचा, म्हणजे उकडून कुटलेल्या कंदांचा, गोळा दोन बोटांनी कसा कापायचा, अंगठ्याने खळगा करून त्यात कालवण कसं घ्यायचं. पावसाला सुरुवात झाली तेव्हा अंतोबामने दुरेघी वही आणली.

“वही सरळ नाही ठेवायची. अशी तिरकी, डावा कोपरा वर. आणि हात ओळीच्या खाली ठेवायचा, म्हणजे लिहिलेलं पुसलं जात नाही.”

“हे तुला कुणी शिकवलं?”

“कुणी शिकवणार? घरी पडदा लावून लिहायचो.”

मास्तरांनी पेन्सिल टेकवली. ज्या माणसाच्या अक्षरावर गाव जीव टाकायचं, त्याचा पहिला ‘अ’ पाय मोडलेल्या कोंबडीसारखा उमटला. दोघेही त्याकडे बघत राहिले, आणि मग दोघांनाही एकदमच इतकं हसू फुटलं, की पोकुआ काय झालं म्हणून धावत आली.

घरात गुपित फार दिवस राहत नाही. एका शुक्रवारी मास्तरांची थोरली बहीण डुफिये काठी टेकत आली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, घराण्यातल्या सगळ्या बायकांची म्होरकी. तिच्या शब्दाशिवाय त्या घरात ना लग्न ठरे ना प्रेत उचललं जाई. तिने भावाला डाव्या हाताने फुफू खाताना पाहिलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

“अजेकुम! ठेव ते खाली!”

“भूक लागलीय, अक्का.”

“आईने तुला असं वाढवलं? अरे, बापाच्या गावाची वाटसुद्धा डाव्या हाताने दाखवू नये म्हणतात!”

“बापाच्या गावाला मी आता लवकरच निघणार. वाट मला पाठ आहे, कुणाला दाखवायची नाही.”

“तोंड फार चालतंय अजून.”

“तेवढंच चालतंय. अक्का, डावा उजव्याला धुतो, उजवा डाव्याला धुतो, हे तूच सांगायचीस ना?”

“धुतो म्हणतात! भरवतो म्हणत नाहीत!”

मास्तरांनी बोटं चाटली. “हे बघ, माझा उजवा महिनोन् महिने पाहुण्यासारखा मांडीवर झोपलाय. सगळं काम हा डावा करतो आणि शिव्याही हाच खातो. असा नोकर तुझ्याकडे असता, तर तू त्याला जवळ बसवून जेवू घातलं असतंस.”

डुफियेने अंतोबामकडे पाहिलं. तो खाली वाकून केस झाडत होता, उजव्या हाताने. काठी आपटत ती निघून गेली.

महिनाभरात तेमा शहराहून मास्तरांच्या मुलाचा, बाफुरचा फोन आला. बायको बाळंतपणाला मम्पोंगलाच माहेरी होती आणि तिला मुलगा झाला होता.

“बाबा, तुमचंच नाव ठेवतोय. आठव्या दिवशी आपल्याच अंगणात बारसं करू. रीतीप्रमाणे बाळाच्या जिभेवर पाणी तुम्हीच ठेवायचं.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि दोन दिवस ते नुसते हसत होते. मग डुफिये आली.

“व्याह्यांसमोर? कोवळ्या लेकराच्या जिभेवर, तो हात?” ती म्हणाली. या वेळी ती ओरडली नाही, म्हणून ते जास्त खोल गेलं. “अजेकुम, तुझी हौस मला कळते. पण पोराला जन्मभर लोक म्हणतील, डाव्या हाताचं पाणी प्यायलेला. काही वाकडं झालं, की त्याचंच खापर फोडतील. बाफुरच्या चुलतभावाला करू दे. तू शेजारी बस.”

मंगळवारी अंतोबाम गेला तेव्हा वही मिटलेली होती.

“अक्काचं बरोबर आहे,” मास्तर म्हणाले. “मी माझ्यापुरता काहीही करीन. पोराच्या कपाळी कशाला?”

अंतोबाम साबण घोळवत राहिला. बोलायचा तो माणूस नव्हे, पण त्या दिवशी बोलला.

“मास्तर, मला बेचाळीस वर्षांत लोक काही म्हणाले नाहीत. तुम्ही केलंत ते उपयोगी पडलं. रोज सकाळी टपरी उघडतो, तेव्हा मी एक हात घरी ठेवून येतो. कुणाला पत्ता नाही. गिऱ्हाईकाने आरशाकडे नीट पाहिलं, की तेच आरशाचं उत्तर परत द्यायचं, बस, एवढंच. त्या बाळाचंही असंच सुखात चालावं असं वाटत असेल, तर चुलतभाऊ चांगला आहे.”

दाढी झाल्यावर मास्तर फक्त एवढं म्हणाले, “शनिवारी पहाटे लवकर ये. पाणी गरम करून ठेवायला सांगतो.”

शनिवारी उजाडायच्या आत दाढी झाली. पोकुआने पांढऱ्यावर निळी नक्षी असलेलं लांबरुंद कापड आणलं. पुरुषाने कापड नेसायचं ते डाव्या खांद्यावरून, म्हणजे उजवा हात उघडा आणि मोकळा राहतो. ती सवयीने पदर डाव्या खांद्यावर टाकायला गेली, तशी मास्तर म्हणाले, “उलटं. उजवा झाक.”

पोकुआचे हात थांबले. “बाबा, दारात पाय ठेवताच दिसेल सगळ्यांना.”

“दिसू दे. लपवून ठेवायचं असतं तर घरातच बसलो असतो.”

अंगणात चाळीसेक माणसं होती. एका बाजूला व्याही मंडळी, पांढऱ्या कपड्यांत. मास्तर काठी आणि पोकुआचा खांदा धरून बाहेर आले. उलट्या बाजूने नेसलेलं कापड पाहून अंगणातली कुजबुज एकदम बंद झाली. चुलतभाऊ पेल्यांजवळ तयारीने बसला होता. मास्तरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो त्यांचाच जुना विद्यार्थी. उठून उभा राहिला आणि जागा देऊन बाजूला झाला.

बाफुरने बाळ पोकुआच्या मांडीवर दिलं. समोर दोन पेले, एक पाण्याचा, एक दारूचा; पोराने जन्मभर खऱ्याला खरंच म्हणावं म्हणून दोन्हींचे थेंब जिभेवर टेकवायचे. नाइलाजाने डावा हात पुढे करावा लागला, तर आधी ‘डाव्याची माफी असावी’ म्हणायचं, ही तिकडची रीत. सगळे तेवढ्या शब्दांची वाट बघत होते. ते म्हटले असते तर अर्ध्या लोकांनी पोटात घातलं असतं. मास्तरांनी तोंड उघडलं, परत मिटलं, आणि ते शब्द न म्हणताच डावं बोट पाण्यात बुडवलं.

“अजेकुम,” ते बाळाला म्हणाले, “पाणी असेल तर पाणी म्हण.”

तीनदा बोट जिभेवर टेकवलं. हात जरासुद्धा हलला नाही. कित्येक महिन्यांच्या पेजेची ती कमाई होती. मग दारूचा पेला.

“दारू असेल तर दारू म्हण.”

बाळाने तोंड वेडंवाकडं केलं आणि ओठ चाटले. मास्तरांनी बोट मागे घेतलं नाही. ते बाळाच्या डोळ्यांसमोर धरलं.

“आणि डावा असेल तर डावा म्हण.”

“हे तुला कुणी शिकवलं?” डुफिये बसल्या जागेवरून कडाडली. “आपल्या घरात हे नव्हतं. कुणी भरवलं हे?”

मास्तरांची नजर अंगणभर फिरली, आणि मागे, दाराशी पेटी घेऊन उभ्या असलेल्या अंतोबामवर न थांबता पुढे गेली. मुद्दामच थांबली नाही, हे अंतोबामला दिसलं. म्हातारा त्याला झाकत होता.

अंतोबामसमोर चाळीस डोकी होती, त्यांतली निम्मी त्याच्या वस्तऱ्याखालून गेलेली. त्याने पेटी खाली ठेवली आणि वर्गात करायचा तसा हात वर केला. डावा.

“मी शिकवलं, मावशी. मी डावराच आहे. जन्मापासून.”

मग त्याला वाटलं, सांगतोच आहोत तर सगळंच सांगून टाकावं.

“तुमच्या नातवांच्या कपाळाची रेघ मी ह्याच हाताने आखतो. तुमच्या नवऱ्याला शेवटची आंघोळ घातली, तेव्हा त्यांची दाढीही ह्याच हाताने केली होती. तुम्ही तेव्हा म्हणालात, झोपल्यासारखे दिसतात.”

मागून एक बाई फिसकन हसली. “तरीच म्हटलं रेघ एवढी सरळ कशी येते!” दुसऱ्या कुणीतरी तिला गप्प केलं. दोन म्हातारे उठले, त्यांनी कापडं झटकली आणि जेवणासाठी न थांबता ते फाटकाबाहेर पडले. सगळ्यांची नजर आता विहीणबाईंकडे. त्या धिप्पाड होत्या, कसावा कंदांचा घाऊक धंदा करायच्या, आणि पहाटेपासून उपाशी होत्या.

“पोर रडलं नाही,” त्या म्हणाल्या. “मला तेवढं पुरे. वाढताय कधी?”

अंगण हललं. कुणी हसलं, कुणी तोंड वाकडं केलं, पण बाकं सरकली आणि भांडी वाजायला लागली. बाफुर बापाच्या खुर्चीशी उकिडवा बसला होता आणि त्यांचा डावा हात दोन्ही हातांत धरून नुसता बघत होता.

डुफियेचा राग त्या दिवशी उतरला नाही. वाढप मात्र तिनेच केलं; ते तिचं काम, ती दुसऱ्याला देणारी नव्हती. अंतोबामपाशी आली तेव्हा त्याने डावा हात पुढे केला. ताट हवेतच राहिलं.

“दुसरा कर,” ती म्हणाली.

“हाच चालतो मला, मावशी.”

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग ताट त्याच्या हातात न देता शेजारच्या स्टुलावर ठेवलं आणि पुढे गेली. ताटात माशाचे दोन तुकडे होते. बाकी सगळ्यांना एकेक होता.

त्यानंतर अंतोबामची काही गिऱ्हाइकं तुटली. ट्रक ड्रायव्हर तर रस्ता ओलांडून पलीकडच्या न्हाव्याकडे जाऊ लागला. चर्चच्या पाळकांनी दोन महिने वाट पाहिली, मग एका सोमवारी गुपचूप येऊन खुर्चीत बसले आणि डोळे मिटून घेतले. कमाई थोडी आखडली, पण अचिया म्हणाली, एकाच नवऱ्याचा स्वयंपाक करायचा म्हटल्यावर तेवढी बचत होतेच.

मास्तर घराबाहेर पडू लागले. रोज नाही, पण शनिवारी पोकुआ त्यांना टपरीपर्यंत आणून सोडी. दुपारी अचिया फुफू आणि पामफळांचं कालवण घेऊन येई, आणि दोघे टपरीच्या दारात, भर रस्त्यावर, एकाच भांड्यात जेवायला बसत. दोन डावे हात एका भांड्यात. ओळखीचे लोक जाता-येता दिसत, आणि जेवणाऱ्याने जाणाऱ्याला हाक मारायची ही तर रीतच. मास्तर ती कधी चुकवत नसत. “या, जेवायला या!” जाणाऱ्यानेही ठरलेलं उत्तर द्यायचं असतं: माझा हात त्यातच आहे. म्हणजे मी जेवलो असं समजा. काही जण ते बोलत, काही जण ऐकूच आलं नाही असं दाखवून पुढे जात.

एका शनिवारी बाजारातून डुफिये येताना दिसली. काठी, डोक्यावर छत्री, मागे भाजीची टोपली घेतलेली नात. अंतोबामने हळूच हात भांड्यातून काढला.

“ठेव,” मास्तर पुटपुटले, आणि मोठ्याने म्हणाले, “अक्का, ये जेवायला!”

ती थांबली. तिने भांड्याकडे पाहिलं, मग भावाच्या हनुवटीवर लागलेल्या कालवणाकडे, मग अंतोबामकडे. दोन गाड्या हॉर्न वाजवत गेल्या. नात तिच्या तोंडाकडे बघत होती.

“हनुवटी पूस,” ती भावाला म्हणाली. आणि चालायला लागता लागता, जणू रस्त्यालाच सांगावं तशी, तोंडातल्या तोंडात म्हणाली, “माझा हात त्यातच आहे.”